रंगावर रेघ: इमारतीच्या संगणकीय चित्रावर रेखांकन का आणि कसे चढवतात

पुनर्विकासाला निघालेल्या बहुतेक सोसायट्यांच्या सभेत आजकाल एक चित्र फिरत असते. व्हॉट्सॲपवर आधीच येऊन गेलेले असते, सभेत ते पडद्यावर मोठे करून दाखवतात. निरभ्र आकाश, ओल्या डांबरी रस्त्यावर पडलेले दिव्यांचे प्रतिबिंब, बाल्कनीत हिरवीगार झाडे आणि मधोमध पांढरीशुभ्र इमारत. चित्र पाहून सगळे खूश होतात आणि मग मागच्या रांगेतून एखाद्या काकू विचारतात, ‘यात आमच्या स्वयंपाकघराची खिडकी कुठली?’ प्रश्न साधा असतो, पण चित्रात उत्तर सापडत नाही, कारण पांढरी भिंत, पांढरा छज्जा आणि त्यामागचा पांढरा डक्ट, म्हणजे पाइपांसाठी सोडलेली उभी पोकळी, हे सगळे एकमेकांत विरघळून गेलेले असतात.

याच इमारतीचे दुसऱ्या प्रकारचे चित्रही काही वास्तुविशारद दाखवतात. त्यात रंग असतात, सावल्या असतात, पण प्रत्येक कोपऱ्यावर, खिडकीच्या चौकटीवर आणि कठड्यावर एक बारीक काळी रेघ असते. पाहणाऱ्याला वाटते की कुणीतरी हाताने शाई फिरवली असावी. प्रत्यक्षात ती रेघही संगणकानेच काढलेली असते. फरक इतकाच की ती स्वतंत्रपणे काढून नंतर फोटोशॉपसारख्या प्रतिमा-संपादन सॉफ्टवेअरमध्ये रंगीत चित्रावर चढवलेली असते. हे कसे होते, त्यामागचे गणित काय आणि त्याचा तुमच्याआमच्यासारख्या घर घेणाऱ्याला काय उपयोग, ते या लेखात पाहू.

एकाच इमारतीची दोन चित्रे

सुरुवात त्रिमित मॉडेलपासून होते. मॉडेल म्हणजे संगणकात मापासकट रचलेली इमारत. स्केचअप, रेव्हिट, ऱ्हायनो किंवा फुकट मिळणारे ब्लेंडर अशा सॉफ्टवेअरमध्ये ती उभी करतात. भिंत किती जाड, मजला किती उंच, खिडकी कुठे, हे सगळे त्यात आकड्यांनी नोंदलेले असते. आपल्याकडच्या ऑफिसांत या साऱ्याला सरसकट ‘थ्रीडी’ म्हणतात.

या मॉडेलची दोन प्रकारची चित्रे काढता येतात. पहिले रेंडर. यात सॉफ्टवेअर प्रकाशकिरण कुठून येतो, काचेवर कसा परावर्तित होतो, विटेवर किती शोषला जातो याचा हिशेब करते आणि छायाचित्रासारखी प्रतिमा तयार करते. व्ही-रे, लुमिऑन, एन्स्केप ही नावे या कामात रोज कानावर पडतात. दुसरे चित्र रेखांकन. त्यात प्रकाश नाही, साहित्य नाही, सावली नाही. पांढऱ्या कागदावर फक्त कडा असतात, आणि पुढच्या भिंतीआड लपलेल्या कडा वगळलेल्या असतात. स्केचअपमध्ये त्यासाठी ‘हिडन लाइन’ नावाची शैली आहे, रेव्हिटमध्येही त्याच नावाची सोय आहे, ऱ्हायनोत ‘मेक टूडी’ ही आज्ञा आहे, आणि ब्लेंडरमध्ये २०१३ पासून ‘फ्रीस्टाइल’ नावाची रेघा काढणारी यंत्रणा आहे.

रेंडरला उजेड कळतो, पण वस्तू कुठे संपते हे कळत नाही. रेखांकनाला वस्तूची सीमा कळते, पण दिवस आहे की रात्र, हे कळत नाही. दोन्ही एकावर एक ठेवली तर एकाची उणीव दुसरे भरून काढते.

रेंडरमध्ये कडा हरवतात त्या का?

छायाचित्रासारखे रेंडर जितके अस्सल, तितक्या त्यात कडा हरवण्याच्या जागा जास्त, हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटते. पण पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलचे बनलेले असते, आणि नेहमीच्या चित्रात प्रत्येक ठिपक्याची उजळता ० ते २५५ या आकड्यांत मोजतात. ० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढरा. आता काटकोनात मिळणाऱ्या दोन पांढऱ्या भिंती घ्या. ढगाळ उजेडात दोन्हींवर जवळपास सारखाच प्रकाश पडतो. एकीचा आकडा २३१ आणि दुसरीचा २२९ येतो. दोघींत फरक आहे, पण तो डोळ्याला दिसत नाही. कोपरा मॉडेलमध्ये आहे, प्रकाशाच्या हिशेबातही आहे, फक्त चित्रात नाही.

दुसरे कारण आकाराचे. समजा, ५० मीटर लांबीची दर्शनी बाजू ए-थ्री आकाराच्या छपाईसाठी काढायची आहे. दर इंचाला ३०० ठिपके या हिशेबाने ए-थ्रीची रुंदी ४,९६१ ठिपके भरते. म्हणजे एक ठिपका साधारण एक सेंटिमीटर भिंत दाखवतो. प्लास्टरमधला ८ मिलिमीटरचा ग्रूव्ह, म्हणजे खाच, किंवा खिडकीच्या ग्रिलची सळई त्या एका ठिपक्याहून बारीक आहे. रेंडर करणारे सॉफ्टवेअर मग ग्रूव्हचा काळेपणा आणि शेजारच्या भिंतीचा पांढरेपणा यांची सरासरी काढते, आणि वास्तुविशारदाने मोठ्या हौसेने आखलेला तो ग्रूव्ह फिकट राखाडी डाग होऊन बसतो.

रेखांकनात असे घडत नाही, कारण तिथे रेघेची जाडी वस्तूच्या जाडीवरून ठरत नाही. ग्रूव्ह ८ मिलिमीटरचा असो की ८० मिलिमीटरचा, त्याची कड दोन किंवा तीन ठिपक्यांच्या ठरलेल्या जाडीनेच उमटते. नकाशात गावचा रस्ता प्रत्यक्ष प्रमाणात काढला तर दिसणारच नाही, म्हणून तो मुद्दाम जाड दाखवतात, तसाच हा प्रकार. तांत्रिकदृष्ट्या ती अतिशयोक्ती आहे, पण वाचण्याच्या सोयीची.

डोळ्याच्या बाजूनेही याला आधार आहे. डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या मेंदूवर केलेल्या प्रयोगांत दाखवले की दृष्टीचे काम करणाऱ्या काही पेशी विशिष्ट दिशेच्या कडा दिसल्या की चेततात. या संशोधनासाठी त्यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कड सापडली की वस्तू सापडते, अशी आपल्या पाहण्याची घडण आहे. रेघ ही ती कड आयती हाती देते.

पांढरा कागद गायब होतो तो गुणाकाराने

आता मुख्य अडचण. रेखांकन पांढऱ्या कागदावर आहे. ते रेंडरवर ठेवले तर खालचे सगळे झाकले जाणार. पूर्वी हा प्रश्न ट्रेसिंग पेपरने किंवा विद्यार्थ्यांच्या लाडक्या बटर पेपरने सुटत असे, कारण कागदच अर्धपारदर्शक होता. संगणकात त्याची जागा ‘लेयर’ने, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या थरांनी घेतली. फोटोशॉप बाजारात आले १९९० साली, पण त्यात थरांची सोय १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आली. आज गिम्प, क्रिता अशा मोफत सॉफ्टवेअरमध्येही ती आहे.

वरचा थर खालच्या थरात कसा मिसळायचा, हे ठरवणाऱ्या नियमाला ब्लेंड मोड म्हणतात. त्यातला ‘मल्टिप्लाय’, म्हणजे गुणाकार, हा आपल्या कामाचा. नियम एका ओळीचा आहे: वरच्या ठिपक्याचा आकडा आणि खालच्या ठिपक्याचा आकडा यांचा गुणाकार करायचा आणि २५५ ने भागायचे. खाली भिंतीचा आकडा २०० आहे असे समजू. वर पांढरा कागद असेल तर २०० गुणिले २५५ भागिले २५५, म्हणजे पुन्हा २००. कागदाने काहीच बदलले नाही, म्हणजे तो गायब झाला. वर काळी रेघ असेल तर २०० गुणिले ०, म्हणजे ०. रेघ काळीच राहिली. रेघेच्या कडेला तिचा करवतीपणा लपवण्यासाठी जे राखाडी ठिपके असतात, त्यांचा आकडा १२८ धरला तर उत्तर येते सुमारे १००, म्हणजे भिंतीचाच रंग, पण निम्मा उजळ. म्हणून रेघ खालच्या रंगात कापल्यासारखी न दिसता मुरल्यासारखी दिसते. इरेझर फिरवून किंवा ‘मॅजिक वाँड’ने पांढरा भाग निवडून पुसणारी मंडळी नेमकी हीच राखाडी किनार गमावतात, आणि मग रेघेभोवती पांढरी झालर उरते. नवशिक्याचे काम बहुतेक वेळा या झालरीवरूनच ओळखू येते.

जलरंगाचे कामही याच तत्त्वावर चालत आले आहे. टिकाऊ शाईने आधी इमारत आखायची आणि वाळल्यावर तिच्यावर पातळ रंगाचे हात द्यायचे, ही वास्तुचित्रांची जुनी पद्धत. रंग पारदर्शक असल्यामुळे शाई झाकली जात नाही, आणि कागदाचा पांढरेपणा रंगातून डोकावत राहतो. प्रकाश एका थरातून गाळला जाऊन दुसऱ्यात जातो, हाच तो गुणाकार.

एक खबरदारी मात्र घ्यावी लागते. रेखांकन जेपीजी या प्रकारात साठवले तर फाइल लहान करण्याच्या नादात रेघांभोवती पुसट ठिपक्यांची धूळ तयार होते. पांढरा २५५ चा २५० होतो. स्वतंत्र चित्रात हे कळत नाही, पण गुणाकारात ती धूळ आकाशावर आणि पांढऱ्या भिंतींवर मळ बनून उतरते. रेखांकन पीएनजी किंवा टिफ प्रकारात बाहेर काढले की हा प्रश्न उरत नाही.

रात्रीच्या दृश्यात मात्र मल्टिप्लाय निरुपयोगी ठरतो. गेरूने सारवलेल्या अंगणात पांढरी रांगोळी उठून दिसते आणि तीच पांढऱ्या फरशीवर काढली तर दिसत नाही. काळ्या रेघेचे गडद भिंतीवर अगदी तसेच होते. अशा वेळी रेखांकन उलटे करतात, म्हणजे काळ्या कागदावर पांढरी रेघ, आणि ‘स्क्रीन’ नावाचा मोड वापरतात. तो मल्टिप्लायचा आरसा आहे: त्यात काळे गायब होते आणि पांढरे टिकते.

रेघ जागेवर बसवणे

१८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्मा छापखान्यातली देवदेवतांची चित्रे आपल्या आजी-पणजींच्या देवघरांत होती. त्या शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड असे. एक दगड किंचित सरकला तरी लक्ष्मीच्या ओठांचा रंग ओठांबाहेर जाणार. संगणकातल्या दोन थरांचे दुखणेही तेच आहे, आणि या साऱ्या प्रक्रियेत सर्वाधिक वेळ खाणारी गोष्टही हीच.

रेंडर आणि रेखांकन दोन्ही एकाच कॅमेऱ्यातून निघायला हवीत. कॅमेरा म्हणजे मॉडेलमध्ये कल्पिलेला पाहणाऱ्याचा डोळा: तो कुठे उभा आहे, कुठे पाहतो आहे आणि त्याच्या नजरेचा कोन किती आहे. स्केचअपमध्ये हे सगळे ‘सीन’मध्ये जतन होते. दृश्य ठरले की सीन जतन करायचा आणि दोन्ही चित्रे निघेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. दोन्ही चित्रांच्या लांबी-रुंदीचे गुणोत्तर सारखे हवे, आणि शक्यतो ठिपक्यांची संख्याही. मॉडेल दाखवणारी पडद्यावरची चौकट एका आकाराची आणि रेंडरची चौकट दुसऱ्या आकाराची असली, की वरचा-खालचा भाग गुपचूप कापला जातो आणि मग तासभर ओढाताण करूनही रेघ बसत नाही.

न बसलेली रेघ कुठे चुकली, हे ती स्वतःच सांगते. रेखांकनाची अपारदर्शकता, ज्याला ‘ओपॅसिटी’ म्हणतात, निम्मी करावी आणि चित्राचे चार कोपरे आणि मध्य मोठा करून पाहावा. सगळीकडे सारख्याच अंतराने चूक असेल तर थर नुसता सरकला आहे. बाणाच्या कळीने हलवला की झाले. मध्ये जुळते पण कोपऱ्यांकडे चूक वाढत जाते, असे असेल तर आकार किंवा नजरेचा कोन वेगळा आहे. मध्ये ठीक, पण इमारतीच्या उभ्या कडा वर जाताना रेघांपासून फाकत असतील, तर एका चित्रात उभ्या कडा समांतर ठेवण्याची दुरुस्ती चालू आहे आणि दुसऱ्यात बंद. पहिली चूक तिथल्या तिथे सुटते. दुसऱ्या दोन्हींसाठी चित्र खेचत-ताणत बसण्याऐवजी रेखांकन नव्याने काढावे. ते निघायला बहुधा मिनिटभर लागते. रेंडरला मात्र रात्र लागलेली असू शकते, म्हणून नेहमी रेखांकनाने रेंडरच्या मागे जावे, उलटे करू नये.

आणखी एक फसगत होते ती मॉडेल बदलल्यामुळे. दुपारी रेंडर लावले, संध्याकाळी ग्राहकाचा फोन आला म्हणून बाल्कनी अर्धा मीटर वाढवली आणि रात्री रेखांकन काढले. कॅमेरा तोच, गुणोत्तर तेच, तरी एका बाल्कनीला दोन कठडे.

किती जाड, किती काळी?

पूर्वी ड्रॉइंग बोर्डावर रोट्रिंगच्या पेनांचा संच असे: ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५ मिलिमीटर. प्रत्येक पेन आधीच्यापेक्षा सुमारे १.४ पटीने जाड. जमिनीची आणि बाह्याकाराची रेघ जाड, कोपऱ्यांची मध्यम, फरशीच्या सांध्यांची बारीक, असा संकेत होता. तो संगणकातही तसाच लागू पडतो, आणि जो पाळत नाही त्याच्या चित्रात फरशीचा सांधा इमारतीच्या कोपऱ्याइतकाच ओरडतो.

हिशेब सोपा आहे. दर इंचाला ३०० ठिपक्यांच्या छपाईत ०.२५ मिलिमीटरची रेघ म्हणजे जवळपास ३ ठिपके. एकाच ठिपक्याची रेघ छापली तर ती जेमतेम ०.०८ मिलिमीटर भरते आणि चांगल्या छपाईतही पुसट येते. पण तेच ४,९६१ ठिपक्यांचे चित्र मोबाइलच्या १,०८० ठिपक्यांच्या पडद्यावर पाहिले, तर साडेचार पटींहून अधिक आकसते आणि ३ ठिपक्यांच्या रेघेला पाऊण ठिपकासुद्धा मिळत नाही. ऑफिसात झकास दिसलेल्या रेघा सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात का दिसत नाहीत, याचे कारण हे. छपाईसाठी एक आणि मोबाइलसाठी जाड रेघेची दुसरी, अशा दोन प्रती काढणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे.

काळेपणाचे गणित थोडे निराळे. शंभर टक्के काळी रेघ रेंडरवर बहुतेक वेळा कार्टूनसारखी वाटते, म्हणून ओपॅसिटी कमी करतात. ४० टक्के ठेवली तर २०० उजळतेच्या भिंतीवर रेघ १२० ची होते, म्हणजे फरक ८० चा. पण ४० उजळतेच्या सावलीत तीच रेघ २४ ची होते आणि फरक उरतो फक्त १६ चा. उन्हात रेघ ठसठशीत, सावलीत दबलेली. माझ्या मते हा दोष मानू नये. सावलीत तपशील मंद दिसावेत हे स्वाभाविकच आहे, आणि गुणाकार ते आपसूक सांभाळतो. जिथे सावलीतली गोष्ट खरोखर महत्त्वाची असते, उदाहरणार्थ पार्किंगमधून जिन्याकडे जाणारी वाट, तिथे रेखांकनाची दुसरी प्रत ठेवून, नको असलेला भाग ‘मास्क’ने झाकून, तेवढ्यापुरती रेघ गडद करता येते.

लांबच्या वस्तूंची अडचण याच्या उलट असते. जाडी ठरलेली असल्यामुळे दूरच्या इमारतीच्या पन्नास खिडक्यांच्या रेघा एकमेकींना चिकटून काळा गोळा होतो. स्केचअपमध्ये ‘डेप्थ क्यू’ नावाची सोय जवळच्या रेघा जाड आणि दूरच्या बारीक ठेवते. तेवढ्याने भागले नाही तर दूरच्या इमारती रेखांकनातून सरळ वगळाव्यात.

झाडातून आरपार जाणारी रेघ

फोटोशॉपमध्ये नंतर डकवलेली झाडे, माणसे आणि गाड्या मॉडेलला ठाऊक नसतात. त्यामुळे रेखांकन सगळ्यांत वर ठेवले की इमारतीचा कोपरा गुलमोहराच्या खोडातून आणि स्कूटरवरच्या माणसाच्या डोक्यातून आरपार जातो. डकवलेल्या वस्तूंचे थर रेघेच्या वर ठेवले की हे टळते. खालून रेंडर, मग रेघ, मग झाडे-माणसे, आणि अगदी वर धुके किंवा उन्हाची झाक, असा क्रम बहुतेक ठिकाणी चालतो. झाडे रेंडरमध्येच असतील तर मात्र हाताने मास्क करण्याला पर्याय नाही. चाफ्याची चार पाने सोडून फक्त फांद्यांमागची रेघ लपवणे हे काम किती किचकट आहे, हे ज्याने केले आहे त्यालाच माहीत.

काचेचेही असेच. हिडन लाइन शैलीत काच भिंतीसारखी अपारदर्शक मानली जाते, त्यामुळे रेंडरमध्ये काचेतून सोफा दिसतो पण त्याला रेघ नसते. बरेच जण हे तसेच ठेवतात, आणि ते चांगलेही दिसते: बाहेरचे पक्के, आतले सूचक.

‘एका फिल्टरने रेघा येतात, मग एवढा खटाटोप कशाला?’

फोटोशॉपमध्ये ‘फाइंड एजेस’ नावाचा फिल्टर आहे, तो एका क्लिकमध्ये रेघा काढून देतो. हा आक्षेप नेहमी येतो आणि तो रास्त वाटतो. पण असे फिल्टर कड शोधतात ती चित्रातल्या उजळतेच्या फरकावरून. जिथे आकडे झपाट्याने बदलतात तिथे कड आहे, असे ते धरून चालतात. जॉन कॅनी यांनी १९८६ साली मांडलेली, आजही वापरात असलेली कड शोधण्याची पद्धतही मुळात याच तत्त्वावर उभी आहे. परिणामी सावलीची किनार, विटांचा खडबडीतपणा आणि झाडाचे प्रत्येक पान यांना रेघ मिळते. आणि २३१ व २२९ चा तो पांढरा कोपरा, ज्यासाठी आपण हा सगळा उद्योग करतो आहोत, तो फिल्टरलाही दिसत नाही. मॉडेलमधून निघालेली रेघ उजळतेवर अवलंबून नसते. दोन पृष्ठभाग जिथे मिळतात ती जागा तिला भूमितीतून माहीत असते.

काही रेंडर सॉफ्टवेअरांत रेघांची सोय आतच असते. व्ही-रेमध्ये ‘टून’ आहे, एन्स्केपमध्ये बाह्यरेषांची पट्टी सरकवता येते. घाईच्या कामाला ते पुरते. पण रेघ रंगात एकदा भाजली गेली की नंतर ती बारीक करणे, तपकिरी करणे किंवा जिन्यापाशी पुसणे शक्य होत नाही. वेगळा थर ठेवण्याचा सगळा फायदा दुसऱ्या दिवशी सुचणाऱ्या बदलांसाठी असतो.

‘रेघा आल्या की चित्र कच्चे वाटते’

वाटते, हे खरे आहे, आणि कधी कधी ते हवेही असते. १९९६ साली जर्मनीतल्या मॅग्डेबर्ग येथील संशोधकांनी वास्तुविशारदांना एकाच वास्तूची वेगवेगळ्या शैलींतली चित्रे दाखवून मते विचारली होती. प्राथमिक आराखडा दाखवताना हाताने काढल्यासारखी रेखाचित्रे बरी, आणि अंतिम सादरीकरणाला नेटकी संगणकीय प्रतिमा, असा त्यांचा एकंदर कल दिसला. यामागचे कारण कुणाही शिंप्याला विचारावे. कापड खडूने आखलेले असते तोवर गिऱ्हाईक ‘इथे थोडे सैल ठेवा’ असे म्हणते. इस्त्री करून हँगरवर लावलेला कुडता पाहिला की गप्प बसते. अस्सल छायाचित्रासारखे रेंडर पहिल्याच बैठकीत दाखवले तर लोक फरशीच्या रंगावर भांडतात आणि जिना चुकीच्या जागी आहे हे कुणी बोलत नाही.

मात्र रेघेचेही दोन स्वभाव आहेत. कोपऱ्यावर किंचित पुढे गेलेली, थोडी थरथरती रेघ ‘हे अजून ठरायचे आहे’ असे सुचवते. सरळ, कोपऱ्यावर अचूक थांबणारी रेघ ‘हे मोजून काढले आहे’ असे सांगते. सगळी परवानगी मिळालेल्या, पायाचे खोदकाम सुरू झालेल्या इमारतीच्या चित्राला मुद्दाम थरथरती रेघ लावणे मला नाटकी वाटते.

‘आता हे सगळे एआय करते’

काही अंशी करते. २०२३ च्या सुरुवातीला आलेल्या ‘कंट्रोलनेट’ या तंत्राने चित्र निर्माण करणाऱ्या प्रणालींना रेखांकन दाखवून त्याबरहुकूम रंगीत चित्र काढायला लावता येऊ लागले. त्यात इमारतींसारख्या सरळ रेघांच्या विषयांसाठी खास पर्यायही आहे. ऑफिसांत आता स्केचअपची रेघ आत टाकून दोन मिनिटांत संध्याकाळ, पाऊस, वीटकाम असे दहा प्रकार काढून पाहतात.

गंमत अशी की त्यामुळे रेखांकनाची गरज वाढली. अशी प्रणाली रेघेच्या बऱ्यापैकी जवळ राहते, पण मध्येच सहाव्या मजल्याला एक जास्तीची खिडकी देते, कठड्याच्या सळया एकमेकींत गुंतवते किंवा छज्ज्याला आधाराशिवाय लांबवते, कारण तिच्या लेखी इमारत ही मापे नसलेली निव्वळ दिसण्याची बाब आहे. मॉडेलमधून काढलेली मूळ रेघ त्या चित्रावर मल्टिप्लायने चढवली की असे प्रमाद लगेच उघडे पडतात: जिथे खिडकी आहे पण रेघ नाही, ती खिडकी बनावट.

घर घेणाऱ्याने यातून काय घ्यावे?

स्थावर संपदा अधिनियम, ज्याला आपण रेरा म्हणतो, तो २०१६ चा. महाराष्ट्राचे त्याअंतर्गत प्राधिकरण २०१७ पासून काम करते आहे. या कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या चुकीच्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर प्रवर्तकाला, म्हणजे बिल्डरला, भरपाई द्यावी लागते. कलम ११ नुसार जाहिरातीत प्राधिकरणाच्या संकेतस्थळाचा पत्ता आणि प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक असावा लागतो. तरीही चित्राखाली बारीक अक्षरांत ‘कलाकाराची कल्पना’ असे लिहिलेले असते, आणि त्यातले नेमके काय कल्पनेतले व काय मॉडेलमधले, हे चित्र पाहून ठरवणे अवघड असते.

थरांची रचना माहीत असली की हा प्रश्न विचारता येतो. आकाश, झाडे, गर्दी, ओला रस्ता, शेजारच्या इमारतीऐवजी पसरलेले धुके हे सगळे नंतर चढवलेले थर आहेत. रेघेचा थर मात्र मॉडेलमधून येतो. म्हणून विक्री कार्यालयात किंवा सभेत त्याच दृश्याचे नुसते रेखांकन मागावे. ते मिनिटभरात निघते, हे आपण वर पाहिलेच आहे. त्यात मजले मोजता येतात, आपली खिडकी शोधता येते, दोन इमारतींमधली फट दिसते, डक्टची जागा कळते. हातात आल्यावर ते मंजूर नकाशाच्या शेजारी धरून पाहावे, कारण मॉडेल आणि मंजूर नकाशा एकच असतील असे गृहीत धरता येत नाही. आणि रेखांकन मागितल्यावर ‘ते नाही, फक्त हेच चित्र आहे’ असे उत्तर आले, तर ते चित्र मॉडेलवरून काढले आहे की नुसत्या कल्पनेवरून, हा त्या काकूंचा पुढचा प्रश्न असायला हरकत नाही.